रहस्यपटाचा आरंभ : संकेत आणि त्यांचे प्रयोजन

रहस्यपटाच्या आरंभाची दोन मिनिटे चित्रित करावयास सांगितली असता विद्यार्थी बहुधा पाऊस, काळोख, लांब सावल्या आणि पाठमोरी व्यक्ती यांची योजना करतात. हे संकेत पूर्वसूरींनी रूढ केले आहेत. त्यांचा आश्रय घेणे हा दोष नव्हे. त्यांचे कार्य न जाणता ते उचलणे, हा मात्र दोष होय.

दोन उदाहरणे पाहू. ऑर्सन वेल्स यांच्या ‘टच ऑफ ईव्हिल’ (१९५८) या चित्रपटाच्या प्रारंभी एक इसम बाँबची वेळ लावून तो मोटारीच्या डिकीत ठेवतो. मोटारीत बसणाऱ्यांना त्याची कल्पना नसते, प्रेक्षकाला असते. पुढे तीन मिनिटांहून अधिक काळ दृश्य कोठेही न तोडता कॅमेरा फिरत राहतो. येथे उत्कंठा निर्माण होते ती ज्ञानातून.

उलट, राज खोसला यांच्या ‘वो कौन थी?’ (१९६४) मध्ये पावसाळी रात्री डॉक्टरच्या मोटारीत एक श्वेतवस्त्रा स्त्री बसते आणि त्याला दफनभूमीपाशी नेते. नायकाइतकाच प्रेक्षकही अज्ञानात असतो. येथील पाऊस शोभेचा नाही. तो दृष्टी अडवितो आणि अनोळखी स्त्रीला गाडीत घेण्याचे कारणही पुरवितो.

म्हणून विद्यार्थ्याने प्रथम ठरवावे : प्रेक्षकाला पात्रापेक्षा अधिक सांगावयाचे, की तितकेच? संकेतांची निवड त्यानंतर करावी.

स्वाध्याय : आपल्या आराखड्यातून एकेक संकेत वगळून पाहा. जो वगळल्याने प्रेक्षकाचे ज्ञान वा भय बदलत नाही, तो उसना अलंकार समजावा.