वावडे कशाचे? अंगावरच्या खाजेचे मूळ शोधताना

शेतात राबणाऱ्या माणसाला खाज काही नवी नाही. भाताचे तूस, उसाचे पाचट, मळणीची धूळ अंगावर पडली की खाजते आणि आंघोळ केली की थांबते. पण काही जणांची खाज थांबत नाही. आठवडे जातात, महिने जातात. मग घरात अंदाज बांधणे सुरू होते. आधी वांगे बंद, मग अंडी बंद, मग सुकी मासळी बंद. माणूस अन्नावाचून खंगतो, खाज मात्र जागच्या जागी राहते. पुढे तोंडावरची कातडी जाड व काळपट झाली की शेजारीपाजारी कुष्ठरोगाचा संशय घेऊन दूर बसू लागतात. ही दुर्दशा टाळता येते. त्यासाठी अंदाज सोडून कारण कसे शोधावे, ते आज पाहू.

वावडे म्हणजे काय?

इतरांना न बाधणारी वस्तू एखाद्याचे शरीर शत्रू समजते व तिच्याशी झगडते, यालाच वावडे किंवा ॲलर्जी म्हणतात. ती पहिल्याच दिवशी होते असे नाही. दहा वर्षे हाताळलेली वस्तूही अकराव्या वर्षी बाधू शकते. म्हणून “हे तर आम्ही रोजच करतो” एवढ्यावरून एखादी वस्तू निर्दोष ठरवू नये.

दुसरी गोष्ट वेळेची. अन्नाच्या, औषधाच्या किंवा माशी चावण्याच्या ॲलर्जीने अंगावर गांधी उठतात त्या बहुधा काही मिनिटांत किंवा एक-दोन तासांत. उलट, कातडीला वस्तू लागून येणारे पुरळ पुष्कळदा एक-दोन दिवसांनी उमटते. सोमवारी बांध साफ केला आणि बुधवारी मान खाजू लागली, तर दोष बुधवारच्या जेवणाला दिला जातो. घोटाळा होतो तो इथेच.

पुरळ कुठे आहे?

पुरळाची जागा पुष्कळ काही सांगते. केवळ हातांवर असेल तर सिमेंट, खत, कीटकनाशक किंवा रबरी हातमोजे यांचा विचार करावा. पावलांवर चपलेच्या पट्ट्याच्या आकाराचे असेल तर चप्पल. कानाची पाळी व गळा यांवर असेल तर खोटे दागिने. कपाळाच्या कडेला व कानामागे असेल तर केसांचा कलप.

चेहरा, पापण्या, मान, कोपराची व गुडघ्याची लवण अशा जागी पुरळ असेल, तर वाऱ्याबरोबर उडून येणाऱ्या वस्तूचा संशय घ्यावा. केवळ उन्हाने होणारे पुरळ बहुधा वरच्या पापण्या, हनुवटीखालचा भाग व कानामागची जागा सोडते, कारण तिथे ऊन पोचत नाही. वाऱ्यावरची धूळ मात्र तिथेही जाऊन बसते.

खाज रात्री वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत असेल आणि घरात दोघा-तिघांना असेल, तर ती ॲलर्जी नसून खरूज असण्याचा संभव अधिक. कडा उठावदार असलेले गोल चट्टे बहुधा गजकर्णाचे असतात. दोहोंची औषधे निराळी आहेत.

वही ठेवा

शाळेची एक वही घ्यावी व निदान चार आठवडे रोज लिहावे : तारीख, कोणत्या शेतात कोणते काम केले, कोणते खत वा औषध हाताळले, नवा साबण, तेल किंवा गोळी घेतली का, आणि खाज कुठे व किती. खाज वाढली की त्या दिवसाबरोबर मागचे दोन दिवसही तपासावेत. परगावी आठ-पंधरा दिवस राहून आराम पडला व घरी परतताच पुन्हा उठले, तर कारण घराच्या किंवा शेताच्या आसपास आहे असे समजावे. अन्नाचा संशय असेल तर एका वेळी एकच पदार्थ बंद करावा. मुलांचे दूध-अंडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोडू नये.

बांधावरचा चोर

आपल्या भागात अशा वह्यांतून एका नावाचा संशय पुष्कळदा बळावतो : गाजर गवत, ज्याला काही ठिकाणी काँग्रेस गवत किंवा चटक चांदणी म्हणतात. मूळचे अमेरिका खंडातले हे तण पुण्यात १९५५ च्या सुमारास आढळले आणि पुढे देशभर पसरले. त्यातील पार्थेनिन नावाचे द्रव्य कातडीला बाधते. झाड वाळले तरी त्याच्या चुऱ्यात ते राहते. म्हणून गवताला हात न लावता, नुसत्या वाऱ्यानेही चेहरा सुजतो. सुरुवातीला त्रास उन्हाळ्या-पावसाळ्यात वाढून थंडीत कमी होतो; दुर्लक्ष केल्यास बारमाही होतो. शेवंती व सूर्यफूल याच कुळातली असल्याने काहींना तीही बाधतात.

हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. अशा बंधुभगिनींच्या शेजारी बसण्यास, त्यांच्या हातचे खाण्यास काहीही हरकत नाही.

तपासणी

संशय आला म्हणजे खात्री झाली असे नव्हे. कातडीच्या डॉक्टरांकडे पट्टी-तपासणी होते. संशयित द्रव्यांच्या छोट्या पट्ट्या पाठीवर चिकटवून दोन दिवस ठेवतात, मग काढून पाहतात व आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. तोवर पाठ भिजवू नये, घाम येईल असे काम करू नये. वही बरोबर न्यावी, चालू औषधे सांगावीत. घरी पाला चोळून परीक्षा मात्र कधीही करू नये.

आराम कसा पडेल?

१. शेतातून येताच गार पाण्याने व सौम्य साबणाने अंग धुवावे, कपडे बदलावेत. कामाचे कपडे वेगळे धुवावेत व बांधावर वाळत घालू नयेत.
२. आंघोळीनंतर ओलसर अंगावर खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावावे.
३. फार आग होत असल्यास स्वच्छ सुती कापड गार पाण्यात भिजवून दहा-पंधरा मिनिटे ठेवावे. खाजेवर कॅलामाइन लावता येते.
४. नखे कापलेली ठेवावीत. पू किंवा ताप आल्यास दवाखाना गाठावा.
५. खाजेच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात. काहींनी झोप येते. त्या घेऊन ट्रॅक्टर चालवू नये.

दुकानातून कुणीतरी सुचवलेली मिश्र मलमे लावू नयेत. त्यांतल्या स्टेरॉइडने चार दिवस बरे वाटते, पण महिनोन्‌महिने लावल्यास कातडी पातळ होते व गजकर्ण असल्यास ते पसरते. बिब्बा तर मुळीच लावू नये. त्याने कातडी भाजून निघते.

ओठ-जीभ सुजली, दम लागला किंवा भोवळ आली, तर घरगुती उपचारात वेळ न दवडता १०८ ला फोन करून तत्काळ इस्पितळ गाठावे. अशा वेळी मिनिटे मोलाची असतात.

गवताचा बंदोबस्त

गाजर गवत फुलावर येण्यापूर्वी, जमीन ओली असताना मुळासकट उपटावे. एकेक झाड हजारो बिया टाकते. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा व तोंडाला फडके आवश्यक. ज्यांना वावडे आहे त्यांनी हे काम दुसऱ्याला द्यावे. पडीक जागी टाकळ्याचे बी फेकल्यास तो वाढून या गवताला दाबतो. मेक्सिकोतून आणून १९८४ मध्ये बेंगळुरू येथे सोडलेले झायगोग्रामा भुंगेरे आता अनेक ठिकाणी पावसाळ्यात याची पाने खाताना दिसतात. त्यांना कीड समजून मारू नये.

एकट्याने आपला बांध साफ करून भागत नाही, कारण वारा शेजारच्या बांधावरूनही येतो. पाऊस पडताच वाड्यातल्या सर्वांनी मिळून एक सकाळ यासाठी काढावी. कुणाची तरी मान आणि चेहरा त्यामुळे वाचेल.