अनुभवाने मिळविलेल्या विद्येची नोंद

आपल्या खेड्यांत शाळेची पायरी फारशी न चढताही उत्तम विद्या संपादन केलेली माणसे पुष्कळ आढळतात. कोणी बैलाची चाल पाहून दुखणे कोठे आहे ते सांगतो, तर कोणी दाणा दाताखाली धरून तो साठवणीस योग्य वाळला की नाही हे ओळखतो. परंतु अर्जातील 'प्रशिक्षण' या रकान्यापाशी आले, म्हणजे अशा माणसापुढे 'निरंक' एवढाच शब्द लिहिला जातो.

ही चूक प्रस्तुत लेखकाच्या हातूनही घडली आहे. रत्नागिरी जिल्ह्यात अनेक वर्षे आंब्याची कलमे बांधणाऱ्या एका गृहस्थांचा अर्ज भरताना त्याने त्या रकान्यात 'निरंक' असे लिहिले. आणि त्याच पावसाळ्यात तरुणांना कोय कलमाचे प्रात्यक्षिक दाखविण्यासाठी त्यांनाच बोलाविले!

नोंदीचे महत्त्व

चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या गावचे श्री. दादाजी खोब्रागडे यांचे शिक्षण तिसरीपर्यंतच झाले होते. 1983 साली 'पटेल 3' या भाताच्या शेतात त्यांना काही निराळ्या लोंब्या दिसल्या. त्यांचे बी त्यांनी वेगळे राखले व पुढील हंगामांत निवड करीत वाढविले. त्यातूनच 'एचएमटी' हा बारीक तांदळाचा वाण निर्माण झाला. वाण दूरवर पसरला; परंतु 2018 साली निधन होईपर्यंत दादाजींचे दिवस हलाखीतच गेले. वाण लोकप्रिय झाला तेव्हा शेतकऱ्यास हक्क देणारा कायदा आपल्याकडे नव्हता. 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने मात्र नवा वाण तयार करणाऱ्या शेतकऱ्यास पैदासकाराप्रमाणे नोंदणीचा हक्क दिला आहे.

परीक्षा कशी घ्यावी

वाणाप्रमाणेच हातच्या कसबाचीही नोंद झाली पाहिजे. 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत 'पूर्वशिक्षणाची मान्यता' ही तरतूद करण्यात आली. हिच्यात दीर्घ प्रशिक्षणाची अट नसून, आधीच अवगत असलेल्या कामाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र दिले जाते. शेतीतील कामांचे मापदंड भारतीय कृषी कौशल्य परिषद ठरविते. अशा चाचणीसाठी योग्य माणसे निवडताना कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

1. व्याख्या विचारू नये, काम पाहावे. कलम बांधणाऱ्याच्या हाती चाकू द्यावा. पाचर एका घावात साफ उतरते काय, पट्टी घट्ट बसते काय, हे पाहावे.

2. कामामागील कारण विचारावे. रोपाची पाने तांबूस असतानाच कलम का बांधावे? काडी रोपाच्याच जाडीची का घ्यावी? "खोड कोवळे असले की जोड लवकर धरतो, जाडी सारखी असली की सालीला साल भिडते," असे उत्तर मिळाले, तर पुस्तकी शब्दांचा आग्रह धरू नये.

3. उणीव दिसल्यास ती स्पष्ट सांगावी. अनुभवी माणूसही कीटकनाशक उघड्या हाताने कालवीत असेल, तर तेवढा भाग त्यास शिकवावा. जुने ते सर्व योग्य, असे मानणे म्हणजे मान्यता नव्हे.

4. नोंद लेखी ठेवावी. काम कोणते, किती वर्षे केले, कोणाच्या समक्ष पाहिले व तारीख कोणती, हे लिहून त्याची एक प्रत त्या माणसास द्यावी. ही नोंद म्हणजे प्रमाणपत्र नव्हे; परंतु चाचणीस जाताना ती उपयोगी पडेल.

शेतकरी बंधुभगिनींनो, आपणांस येत असलेले काम सांगण्यात संकोच मानू नका. पत्नीचे व मुलीचे काम सांगण्यासही विसरू नका. बियाणे निवडून राखण्याचे काम अनेक घरांत त्याच करीत असतात. आणि कार्यकर्त्यांनी यापुढे 'निरंक' हा शब्द लिहिण्यापूर्वी लेखणी थांबवून एकच प्रश्न विचारावा : "आपण काय करून दाखवू शकता?"