मूत्र आणि आपले आरोग्य

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

'मूत्र' हा शब्द चारचौघांत उच्चारला की कोणी हसते, कोणी मान खाली घालते. लेखाचा विषय ऐकून "अगं, दुसरं काही सुचलं नाही का तुला?" असे माझ्या मैत्रिणीनेही विचारले. परंतु जे कार्य आपले शरीर जन्मापासून अखेरपर्यंत अखंड करीत असते, त्याविषयी जाणून घेण्यात कसली आली लाज?

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची, सुमारे मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकात अंदाजे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. तो सगळाच बाहेर पडला असता, तर रक्तातील पातळ भाग अर्ध्या तासातच संपला असता! पण भाजीची पाटी संपूर्ण ओतून चांगला माल पुन्हा पाटीत भरावा आणि किडका बाजूला टाकावा, तसे मूत्रपिंडे करतात. पाणी, साखर, क्षार असे उपयोगी पदार्थ ती रक्तात परत घेतात. उरते ते एक ते दोन लिटर मूत्र. त्यात सुमारे ९५ टक्के पाणी असते. बाकी युरिया, क्षार व इतर टाकाऊ द्रव्ये. डाळी, अंडी, मांस यांतील प्रथिनांचे विघटन होताना अमोनिया हे विषारी द्रव्य तयार होते. यकृत त्याचा युरिया बनवते आणि मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. रक्तातील क्षार व आम्ल यांचा तोल राखणे, रक्तदाब काबूत ठेवणे, ही कामेही तीच करतात.

मूत्र हा शरीराचा बोलका साक्षीदार आहे. रंग फिकट पिवळा असेल तर पाणी पुरेसे आहे असे समजावे; गडद पिवळा झाला तर शरीर पाणी मागत आहे. लालसर रंग बीट खाल्ल्यानेही येतो, परंतु तसे कारण नसेल तर ते रक्त असू शकते. वारंवार फेस येत असेल तर प्रथिने वाहून जात असण्याचा संभव असतो. मधुमेह होणाऱ्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे निरीक्षण चरकसंहितेतही नोंदलेले आहे.

आता मुख्य मुद्दा. मूत्राशयात साधारणतः ४०० ते ५०० मिलिलिटर मूत्र मावते. त्याच्या निम्मे भरण्याच्या सुमारासच मेंदूला सूचना जाते. ही सूचना रोज तासन्‌तास दाबून ठेवली, तर साचलेल्या मूत्रात जंतूंना वाढायला अवसर मिळतो. स्त्रियांची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटर, पुरुषांची त्याच्या चार-पाच पट. त्यामुळे बाहेरील जंतू स्त्रियांच्या मूत्राशयात लवकर पोहोचतात. पाणी कमी पिणाऱ्यास मूतखड्याचाही धोका अधिक.

माझी आई हडपसरला रस्त्याकडेला भाजी विकते. पहाटे पाच वाजता घर सोडते ते दुपारी दोनला परतते. जवळपास जाण्याजोगी सोय नाही, म्हणून ती सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नसे. लघवीला जळजळ झाली की "उन्हाळी लागली" म्हणायचे आणि धन्याचे पाणी प्यायचे, हा आमच्या घरचा उपाय. गेल्या वैशाखात मात्र थंडी वाजून ताप आला, कंबर धरली. तपासणीत जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेल्याचे निघाले. औषधाने ती बरी झाली, पण आठ दिवसांचा धंदा बुडाला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. डॉक्टरांची चिठ्ठी वाचून आईला समजावून सांगताना मला कळले की तिचे दुखणे उन्हाळ्याचे नव्हते. ते आडोशाच्या अभावाचे होते.

हा प्रश्न एकट्या माझ्या आईचा नाही. मुंबईत २०११ साली स्वयंसेवी संस्थांनी 'राइट टू पी' ही मोहीम सुरू केली. आपल्या पुण्यात विद्या बाळ यांनी १९८९ साली सुरू केलेल्या 'मिळून साऱ्याजणी' या मासिकाचे नाव तर एका खटल्याशीच जोडले गेले. रस्त्यावर वावरणाऱ्या स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे हवीत, म्हणून केलेल्या या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये निकाल दिला. अशी सोय करणे हे महानगरपालिकांचे कर्तव्य आहे आणि सन्मानाने जगण्याच्या हक्काशी त्याचा संबंध आहे, असे न्यायालयाने मानले. ज्या गोष्टीचा उच्चार करायला आपण लाजतो, तिच्यासाठी या स्त्रिया न्यायालयाची पायरी चढल्या!

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीजणी बसचा प्रवास आणि तास संपेपर्यंत पाण्याची बाटली उघडत नाहीत? पाणी टाळू नका आणि लघवी रोखून धरू नका. जळजळ, ताप, कंबरदुखी असेल तर घरगुती उपायांवर न थांबता डॉक्टरांकडे जा, आणि दिलेल्या गोळ्या मध्येच सोडू नका. मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आणि जिथे सोय नाही, तिथे ती मागा. एकटीने मागायला संकोच वाटत असेल तर चौघींनी मिळून अर्ज द्या. हा लेख वाचून एखादीने जरी आपल्या आईला "दिवसभरात पाणी किती पितेस?" असे विचारले, तरी लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.