नुसतं ‘एव्हीएन’ वाचून हातपाय गाळू नकोस

अगं, रिपोर्टचा फोटो काय पाठवलास, खाली रडक्या चेहऱ्यांची रांग! ‘एव्हीएन’ वाचलं की कुणाच्याही पोटात गोळा येतो, मान्य. मांडीच्या हाडाचा जो गोल खुब्याच्या वाटीत बसतो, त्याच्या काही भागाचा रक्तपुरवठा तुटला आणि तेवढं हाड मेलं, इतकाच त्याचा अर्थ. तू मात्र थेट सांधा बदलायच्या खर्चापर्यंत जाऊन पोचलीस.

‘मलाच का’ यात अडकू नकोस. लुपससाठी स्टेरॉइड घ्यावंच लागलं, त्याला तुझा इलाज नव्हता. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये करोनानंतरचे असेच रुग्ण नोंदवले होते, तेव्हा पेपरांतून हे नाव घरोघरी पोचलं. पण रागाच्या भरात स्टेरॉइडच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करशील, तर माझ्याशी गाठ आहे.

आता नीट ऐक. मेलेलं हाड लगेच खचत नाही. शरीर डागडुजीला लागतं, जुनं पोखरून काढतं, नवं भरतं. पोखरणं पुढे आणि भरणं मागे पडलं की कूर्चेखालचा थर कमजोर होतो आणि वजनाखाली दबतो. हे व्हायला बऱ्याचदा काही महिने, कधी वर्षंही जातात. काहींचं तर खचतच नाही. मग कुणाचं खचणार, हे आधी कळेल का? बऱ्याच अंशी कळतं, आणि एमआरआयचा खरा उपयोग तिथेच आहे. सुरुवातीला एक्सरे अगदी स्वच्छ असतो. म्हणूनच तर तुझ्या सासूबाई ‘वात आहे, तेल चोळ’ म्हणत राहिल्या आणि मांडी घालून बसता येईना तरी तू चोळत राहिलीस.

तुझ्या रिपोर्टमध्ये उजव्या खुब्याला ‘स्टेज दोन’ लिहिलंय. तेवढ्याने माझं समाधान होत नाही. मेलेला भाग चतकोर आहे की अर्धी भाकरी, आणि तो आहे कुठे, हे विचार. डाग गोलाच्या आतल्या बाजूला, लहानसा असेल तर त्याच्यावर भार कमी येतो. तोच वाटीच्या बाहेरच्या कडेपर्यंत पसरला असेल तर चालताना प्रत्येक पावलाचं ओझं त्याच्यावर. जपानी डॉक्टरांनी तर सगळी वर्गवारीच या जागेवरून केली आहे.

आकार मोजायची एक युक्तीही आहे. समोरून आणि बाजूने घेतलेल्या मधल्या चित्रांवर, गोलाच्या केंद्रातून मेलेल्या भागाचा कोन मोजायचा आणि दोन्हींची बेरीज करायची. मूळ पद्धत फ्रान्सच्या केरबूल यांची, एक्सरेवरची. कोरियातल्या डॉक्टरांनी २००६ मध्ये ती एमआरआयवर आणली. बेरीज १९० अंशांपर्यंत असलेला एकही खुबा खचला नाही, २४० किंवा त्याहून जास्त असलेले सगळे खचले, मधल्यांपैकी निम्मे. खुबे होते ३७ फक्त, त्यामुळे ही ब्रह्मदेवाची रेघ समजू नकोस. पण डॉक्टरांना ‘कोनांची बेरीज किती येते?’ असं विचारलंस तर ते खुर्चीत जरा सावरून बसतील, एवढं नक्की.

आणखी एक. मज्जेत सूज दिसतेय का, तेही विचार. डागाच्या आसपास, हाडाच्या मानेपर्यंत सूज आणि सोबत दुखणं वाढलेलं, म्हणजे आत बारीक चीर पडली असण्याची शंका घ्यायची. अशी चीर एमआरआयपेक्षा सीटी स्कॅनमध्ये कधी कधी जास्त स्पष्ट दिसते, म्हणून डॉक्टरांनी तो सांगितला तर ‘पुन्हा कशाला खर्च’ म्हणून कुरकुरू नकोस. हाड दबलेलं नसेल तोवर भोक पाडून आतला दाब कमी करणं वगैरे उपाय करून बघता येतात. गोल चपटा झाला की ते दरवाजे बंद होत जातात. शिवाय डाग फारच मोठा असेल तर भोक पाडूनही गोल टिकेलच असं नाही, हेही तुला आधीच सांगून ठेवते.

डाव्या पायाचं काय? दुखत नाही म्हणून सोडून देऊ नकोस. स्टेरॉइडमुळे होतं तेव्हा पुष्कळदा दोन्ही बाजूंना होतं, आणि दुसरी बाजू गुपचूप बसलेली असते. दोन्ही खुबे एकाच वेळी तपासलेत का, रिपोर्टच्या पहिल्या ओळीत बघ. आणि शनिवारी डॉक्टरांकडे जाताना नुसता कागद नको, एमआरआयची सीडी घे. कोन चित्रांवर मोजतात. काठी घ्यायला लाजू नकोस. उजवा खुबा दुखतोय ना, मग काठी डाव्या हातात धर.