भोंगा वाजला, फोन ठेवा!

बालमित्रांनो, या महिन्याचा धडा एका गावाबद्दल आहे. तो घरी मोठ्याने वाचा. कठीण शब्दांचे अर्थ शेवटी दिले आहेत. एखादे वाक्य अडले तर आई-बाबांना विचारा. या धड्यात त्यांनाही थोडा गृहपाठ आहे!

१. वडगावची गोष्ट

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे गाव आहे. वस्ती सुमारे ३,०००. बहुतेक लोक शेती करतात, काही जण साखर कारखान्यात कामाला जातात. २०२० साली कोरोनाची साथ आली, शाळा बंद पडल्या आणि शिकवणे फोनवरून सुरू झाले. मुलांच्या हाती फोन आला. पुढे शाळा उघडल्या, पण हातातला फोन काही सुटेना. मोठ्यांचेही तेच. कोणी फोनमध्ये, तर कोणी टीव्हीवरच्या मालिकांमध्ये गुंग.

१४ ऑगस्ट २०२२ रोजी गावाने बैठकीत ठरवले, की रोज संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजेल. तो वाजला की घरोघरचे फोन आणि टीव्ही बंद. रात्री साडेआठला पुन्हा भोंगा, मग हवे तर सुरू करा. मधल्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, वाचायचे. मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचे.

ही कल्पना प्रथम निघाली तेव्हा गावातले पुरुष हसले होते. बायकांनी मात्र मोकळेपणाने मान्य केले, की मालिकांपायी आपला फार वेळ जातो. मग गाव तयार झाले. लोकांना आठवण करून द्यायला आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक दारोदार फिरले.

या गोष्टीतल्या तीन बाबी लक्षात ठेवा. पहिली, वेळ ठरलेली होती. दुसरी, नियम लहानमोठ्या सर्वांना सारखाच होता. तिसरी, फोन कोणी फेकून दिला नाही, त्याला फक्त दीड तास सुट्टी दिली.

२. सुट्टी कशासाठी?

पुस्तकाचे पान संपते, धडा संपतो. तिथे आपण थांबतो, जांभई देतो, पाणी प्यायला उठतो. फोनवरचे पान मात्र बोटाने सरकवत राहिले की खालून नवे येतच राहते. असे न संपणारे पान २००६ साली एझा रास्किन यांनी तयार केले. त्याचे वाईट परिणाम पाहून पुढे त्यांनीच त्याबद्दल खेद व्यक्त केला. फोन आपल्याला ‘आता पुरे’ म्हणत नाही. ते आपणच म्हणावे लागते.

शिवाय फोन सारखा टिंग टिंग करतो. दर वेळी मन अभ्यासातून उठून तिकडे धावते, आणि परत यायला त्याला वेळ लागतो. दिवसभर असे झाले की मन थकते आणि उगाच चिडचिड होते. डोळ्यांचेही तसेच. पडद्याकडे टक लावून पाहताना आपण पापण्या कमी मिटतो, मग डोळे कोरडे पडतात. म्हणून डोळ्यांचे डॉक्टर सांगतात, की दर २० मिनिटांनी, २० फूट दूरच्या वस्तूकडे, २० सेकंद पाहावे. रात्री अंथरुणात फोन घेतला तर झोपही लांबते.

३. थोडी भाषेची गंमत

‘फोन ठेव’ म्हणजे काय? पूर्वी घरात तारेचा फोन असे. बोलणे झाले की रिसीव्हर परत जागेवर ठेवत. म्हणून ‘फोन ठेवला’ म्हणजे बोलणे संपवले. आता बोलणे संपते, पण फोन हातातच राहतो! म्हणजे ठेवला म्हणायचे, पण ठेवायचा नाही, असे झाले. वडगावकरांनी तो खरोखर ठेवला.

‘भोंगा’ हा शब्दही आजी-आजोबांना विचारा. मुंबईत लालबाग-परळला गिरण्या होत्या, तेव्हा भोंगा वाजला की कामगार पाळीला निघत. तो भोंगा कामाला बोलवायचा. वडगावचा भोंगा घरच्यांकडे बोलवू लागला.

४. आपले काय?

आपल्यासाठी फोन म्हणजे आजीही आहे. पुण्याची, नागपूरची, मडगावची आजी त्यातूनच दिसते. म्हणून आजीशी बोलण्याचा वेळ सुट्टीत धरू नका. तो फोनचा सर्वांत चांगला उपयोग आहे.

पण एक फरक पाहा. वडगावच्या मुलाने घरी तोंड उघडले नाही तरी अंगणात, दुकानात, शाळेत मराठी त्याच्या कानावर पडते. इथे न्यू जर्सीत सोमवार ते शुक्रवार तुमची मराठी फक्त जेवणाच्या टेबलावर असते. तिथे चौघे चार फोन पाहत बसले, तर त्या दिवशी घरात मराठी बोललीच जात नाही. रविवारचे दोन तास ती भर कशी काढणार?

शब्दार्थ

भोंगा – दूरवर ऐकू जाणारा मोठा आवाज करणारे यंत्र
गुंग – एखाद्या गोष्टीत पूर्ण बुडालेला
निवृत्त – नोकरीचे वय संपल्यावर काम थांबवलेला
पाळी – कारखान्यात कामाचे ठरलेले तास
खेद – वाईट वाटणे

स्वाध्याय

१. वडगावात भोंगा किती वाजता आणि कशासाठी वाजे? दोन वाक्यांत लिहा.
२. वडगावात संध्याकाळचे ७ वाजतात तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात किती वाजतात? हिवाळ्यात किती? (अक्षरांत लिहा. ‘साडे’ हा शब्द वापरा.)
३. ‘ठेवणे’ हे क्रियापद वापरून तीन निरनिराळ्या अर्थांची वाक्ये करा.
४. घरच्या प्रत्येकाने आज फोन किती वेळ पाहिला, ते फोनच्या सेटिंगमध्ये सापडते. तक्ता करा. बाबांचा आकडा विसरू नका!

पालकांसाठी

घरात भोंगा नाही, पण ताट-वाटी आहे. आठवडाभर रोज अर्धा तास ठरवा. ताटावर चमचा वाजवण्याचे काम सर्वांत लहान मुलाला द्या. सगळ्यांचे फोन एका टोपलीत, आणि आधी आपला. मुले आपण सांगतो ते ऐकतीलच असे नाही, पण आपण करतो ते नक्की पाहतात. त्या अर्ध्या तासात काय बोलणे झाले, ते मुलांनी पाच ओळींत लिहून पुढच्या रविवारी वर्गात आणावे.