कबुतरे आणि काटे

[शहरातील इमारतींच्या छज्ज्यांवर आणि बंदरातील होड्यांवर पक्षी बसतात, घाण करतात आणि घरटी बांधतात. त्यांना इजा न करता दूर ठेवण्यासाठी काट्यांच्या पट्ट्या बसवतात. हे काटे कसे काम करतात, ते कसे बसवावेत आणि कोठे त्यांचा उपयोग होत नाही, याची माहिती या पाठात दिली आहे.]

विद्यार्थी मित्रांनो, 'कबूतर' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत आणि मराठीत तो एकच आहे. फरक इतकाच, की उर्दूत तो पुल्लिंगी आहे आणि मराठीत नपुंसकलिंगी. म्हणून मराठीत आपण 'ते कबूतर' आणि 'ती कबुतरे' असे म्हणतो.

माणसाची आणि कबुतराची मैत्री फार जुनी आहे. अकबर बादशहाला कबुतरे उडवण्याचा शौक होता. या खेळाला तो 'इश्कबाजी' म्हणत असे. त्याच्या दरबारात वीस हजारांहून अधिक कबुतरे होती, असे अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'मध्ये लिहून ठेवले आहे. पुढे १९४६ साली ओडिशाच्या पोलिसांनी निरोप पोहोचवण्यासाठी कबुतरांची टपाल सेवा सुरू केली. असा हा उपयोगी पक्षी आज शहरांत नकोसा का झाला?

याचे उत्तर कबुतराच्या मूळ घरात सापडते. रानटी कबुतरे कड्यांवर राहतात. खडकाच्या कपारीत, अरुंद कंगोऱ्यावर ती चार काड्या टाकून घरटे करतात. आता शहरातील इमारतीकडे कबुतराच्या नजरेने पाहा. उंच भिंत म्हणजे कडा. खिडकीवरचा छज्जा म्हणजे कंगोरा. वातानुकूलन यंत्राच्या मागची जागा म्हणजे कपार! तेथे मांजर पोहोचत नाही, पाऊस लागत नाही आणि खाली रस्त्यावर दाणे मिळतात. मग कबूतर दुसरीकडे कशाला जाईल? मादी एका वेळी बहुधा दोन अंडी घालते. नर आणि मादी आळीपाळीने ती उबवतात. सुमारे अठरा दिवसांनी पिले बाहेर येतात आणि साधारण महिनाभरात उडू लागतात. अन्न भरपूर असले, तर वर्षातून अनेक वेळा घरटे भरते.

त्रास सुरू होतो तो त्यांच्या विष्ठेमुळे. तिच्यात आम्ल असते. त्यामुळे धातू गंजतो आणि चुनखडीसारखा दगड झिजतो. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस तुम्ही पाहिले असेल. ही इमारत १८८८ साली पूर्ण झाली आणि २००४ साली तिला जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला. तिच्यावर दगडात कोरलेली पाने, फुले, पशू आणि पक्षी आहेत. अशा नक्षीकामात कबुतरांना बसायला हवी तेवढी जागा असते. कोरीव दगड एकदा झिजला, की तो पुन्हा पूर्वीसारखा करता येत नाही.

माणसालाही धोका असतो. विष्ठा वाळली की तिची बारीक पूड होते. ती आणि पिसांचा भुगा हवेत मिसळून श्वासावाटे आत जातो. हा त्रास सर्वांनाच होत नाही. पण काही लोकांच्या फुप्फुसांना त्यामुळे सूज येते. खोकला येतो, दम लागतो. असे वर्षानुवर्षे चालू राहिले, तर फुप्फुसे कडक होतात आणि मग ती पहिल्यासारखी होत नाहीत. म्हणून दुखणे मोठे होण्याआधीच कबुतरांना खिडकीपासून दूर ठेवणे बरे.

यासाठी काट्यांच्या पट्ट्या वापरतात. दुकानदार त्यांना 'बर्ड स्पाइक' म्हणतात. प्लॅस्टिकच्या लांब पट्टीवर स्टेनलेस स्टीलच्या बारीक सळ्या उभ्या बसवलेल्या असतात. काही सळ्या सरळ, तर काही दोन्ही बाजूंना झुकलेल्या असतात. संपूर्ण प्लॅस्टिकचे काटेही मिळतात. पण उन्हाने ते कालांतराने ठिसूळ होतात. 'काटे' हा शब्द ऐकून तुम्हाला वाटेल, की ते पक्ष्याला टोचत असतील. चांगल्या पट्टीचे काटे टोकदार नसतात. त्यांचे काम टोचण्याचे नाही, जागा अडवण्याचे आहे. कबूतर सुमारे तेहतीस सेंटिमीटर लांब असते. त्याला उतरायला सपाट जागा लागते. काट्यांमुळे ती मिळत नाही, म्हणून ते दुसरीकडे जाते.

पट्टी बसवण्याआधी एक गोष्ट पाहणे आवश्यक आहे. तेथे घरटे आहे का? घरट्यात अंडी किंवा पिले असतील, तर काम थांबवावे. पिले उडून जाईपर्यंत वाट पाहावी. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास बंदी करणारा कायदा आपल्या देशात १९६० सालापासून आहे. पण कायदा नसता तरी दाण्याची वाट पाहणाऱ्या पिलांना आईबापांपासून तोडणे माणुसकीला शोभले नसते. महिनाभर थांबल्याने आपले फारसे नुकसान होत नाही; पिलांचा मात्र जीव वाचतो.

त्यानंतरचे काम पुढील क्रमाने करतात.

पहिली पायरी सफाईची. वाळलेली विष्ठा कधीही झाडूने झाडू नये. झाडल्याने तिची पूड उडते. आधी पाणी शिंपडून ती ओली करावी, मग खरवडून पिशवीत भरावी. काम करणाऱ्याने तोंडावर चांगला मास्क आणि हातांत मोजे घालावेत.

दुसरी पायरी मोजमापाची. छज्जा किती लांब आणि किती रुंद आहे ते मोजावे. छज्जा अरुंद असेल तर एक पट्टी पुरते. रुंद असेल तर दोन किंवा तीन रांगा लागतात. समोरची एकच रांग लावली, तर कबूतर तिच्या मागे निवांत बसते. मग काटे त्याचा कठडाच बनतात!

तिसरी पायरी बसवण्याची. जागा पूर्ण कोरडी झाल्यावर पट्टी सिलिकॉनने चिकटवतात किंवा स्क्रूने पक्की करतात. पहिली रांग छज्ज्याच्या अगदी कडेला असावी आणि तिचे काटे कडेच्या किंचित बाहेर झुकावेत. दोन रांगांमध्ये किंवा पट्टीच्या टोकाला पक्ष्याला उभे राहण्याएवढी जागा सोडू नये. जुन्या दगडी इमारतीत मात्र कोरीव दगडाला भोके पाडू नयेत. तेथे हे काम जाणकारांच्या सल्ल्यानेच करावे.

चौथी पायरी देखरेखीची. काट्यांत वाळलेली पाने, कागद आणि चिंध्या अडकतात. त्यावर कबूतर घरटे करू शकते. म्हणून अधूनमधून पट्ट्या साफ कराव्या लागतात.

मित्रांनो, हे काम तुम्ही स्वतः खिडकीतून वाकून करू नका. उंचावर काम करणारा अनुभवी कारागीर कमरेला पट्टा बांधून आणि दोर लावून ते करतो. घाईच्या वेळी "पट्टा कशाला? दोन मिनिटांचे तर काम आहे," असे कोणी म्हणाले, तर त्याला अडवा. छज्जा साफ होण्यापेक्षा माणसाचा जीव मोठा आहे.

आता बंदराकडे वळू. होड्यांवर कबुतरांपेक्षा कावळे, बगळे, पाणकावळे आणि कुरव अधिक बसतात. कुरव हा समुद्रपक्षी आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात मोठ्या संख्येने येतो. मुंबईचा ससून डॉक १८७५ सालापासून उभा आहे. तेथे मासळी उतरू लागली, की पक्ष्यांची एकच गर्दी होते. होडीवर पडलेल्या विष्ठेने रंग खराब होतो, पत्रा गंजतो आणि चालायची जागा निसरडी होते. सौर पट्टी असेल, तर ती झाकली जाऊन वीज कमी मिळते.

होडीवर काटे लावता येतात, पण सगळीकडे नाही. केबिनचे छप्पर आणि डोलकाठीचे टोक अशा हात न पोहोचणाऱ्या जागी ते चालतात. होडीच्या काठावर मात्र ते लावू नयेत. लाट आली की खलाशी आधारासाठी काठच धरतो. शिवाय दोर आणि जाळी काट्यांत अडकतात. म्हणून बंदरात उभ्या असलेल्या होडीवर ताडपत्री घालणे किंवा पक्षी बसतात त्या जागेच्या थोडे वर ताणून दोरी बांधणे सोयीचे ठरते. चमकणाऱ्या फिती लावल्या, तर पक्षी सुरुवातीला घाबरतात. काही दिवसांनी त्यांना त्याची सवय होते.

पक्षी किती हुशार असतात, याचे एक उदाहरण वाचून तुम्हाला नवल वाटेल. बेल्जियम देशातील अँटवर्प शहरात एका रुग्णालयाच्या आवारातील झाडावर मॅगपाय पक्ष्याचे घरटे सापडले. मॅगपाय हा कावळ्याच्या कुळातला पक्षी आहे. त्या घरट्यात सुमारे पंधराशे लोखंडी काटे होते आणि ते सगळे पक्ष्यांना पळवण्यासाठी बसवलेल्या पट्ट्यांचे होते! काट्यांची टोके बाहेरच्या बाजूला होती. शत्रूपासून घरट्याचे रक्षण करण्यासाठी मॅगपायने ते वापरले असावेत, असे नेदरलँड्समधील संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात म्हटले आहे. माणसाने पक्ष्यांविरुद्ध काटे लावले आणि पक्ष्यांनी त्यांचीच तटबंदी केली.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. काटे पक्ष्याला एका जागेवरून हलवतात. त्यांची संख्या कमी करत नाहीत. तुमच्या छज्ज्यावरचे कबूतर शेजाऱ्याच्या छज्ज्यावर जाऊन बसते. संख्या ठरते ती अन्नावरून. स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात १९८८ पासून लोकांना कबुतरांना खाऊ न घालण्याविषयी समजावण्यात आले. चार-पाच वर्षांत तेथील कबुतरे जवळजवळ निम्मी झाली. लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात २००३ साली दाणे टाकण्यावर बंदी आली. मुंबईतही २०२५ साली कबुतरखाने बंद करण्याचे आदेश निघाले आणि तो वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला.

हा वाद सोपा नाही. दाणे टाकणाऱ्याच्या मनात दया असते. मुक्या जिवाला खाऊ घालणे हे पुण्याचे, सवाबाचे काम आहे, असे आपल्याकडे सर्व धर्मांचे लोक मानतात. पण समोरच्या खोलीत एखादी आजीबाई रात्रभर खोकत असेल, तर तिचाही विचार करायला हवा. दया करताना ती कोणाला जड जाते, हेही पाहावे लागते. आणि काटे लावताना पिलांना विसरून चालत नाही. दोन्ही बाजूंना हा विचार झाला, तर घर माणसाचे राहील आणि आकाश कबुतरांचे.

शब्दार्थ

छज्जा – खिडकीवर पुढे आलेला भिंतीचा भाग
कपार – खडकातील फट
विष्ठा – पक्ष्यांची घाण
आळीपाळीने – एकानंतर एक
डोलकाठी – शीड बांधण्याचा होडीवरील उंच खांब
तटबंदी – रक्षणासाठी बांधलेली भिंत

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अकबर बादशहा कबुतरे उडवण्याच्या खेळाला काय म्हणत असे?
(आ) वाळलेली विष्ठा झाडूने का झाडू नये?
(इ) होडीच्या काठावर काटे का लावू नयेत?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कबुतरांना शहरातील इमारती का आवडतात?
(आ) 'काटे पक्ष्यांची संख्या कमी करत नाहीत' असे लेखात का म्हटले आहे?

प्र. ३. अनेकवचन लिहा.
कबूतर, घरटे, पट्टी, काटा, होडी

प्र. ४. कबुतरांना दाणे टाकावेत की टाकू नयेत? दोन्ही बाजू ऐकून तुमचे मत मराठीत पाच वाक्यांत लिहा.