कोपऱ्यातली तारीख

उजवा दंड दुखायला लागला तेव्हा मी दोष फळ्याला दिला. २६ वर्षं हात वर करून लिहिल्यावर खांदा कुरकुरणारच. शेजारच्या काकूंनी ‘फ्रोझन शोल्डर’ असं निदानही करून टाकलं. पहिल्याच आठवड्यात एक्स-रे काढला, ‘नॉर्मल’ आला. तो एक शब्द मी पाच महिने उराशी धरून बसले.

तेल चोळलं, शेकलं, दुखण्यावरच्या गोळ्या घेतल्या. मधूनच तीन-चार दिवस अँटिबायोटिक. घेतलं की बरं वाटे, तेवढ्यावर मी फसत राहिले. ताप असा नव्हताच, कधी संध्याकाळी कणकण. पण पाठ टेकली की दंडात खोलवर ठणका सुरू. दिवाळीच्या सुटीत खडू हातात नव्हता, तरी ठणका होताच. तेव्हाच खटकायला हवं होतं. शेवटी वेणी घालायला हात वर जाईना, आणि दंड एका जागी गरम लागायला लागला.

अस्थिरोगतज्ज्ञांनी फिल्म उजेडात धरली आणि हाडाच्या आधी कोपऱ्यातली तारीख वाचली. ‘‘बाई, हा फोटो पाच महिन्यांपूर्वीचा. तेव्हा दिसणारच नव्हतं.’’ हाडातलं ३० टक्क्यांच्या वर खनिज झिजल्याशिवाय साध्या एक्स-रेत फारसं उमटत नाही, आणि संसर्गात त्याला दहा-चौदा दिवस तरी लागतात. मग विचारलं, ‘‘आधी कुठे गळू वगैरे?’’ मानेवर केसतूड झालं होतं, आपोआप फुटलं, मी विसरलेही होते. त्यात माझी शुगर वाढलेली. त्वचेवरचे जंतू रक्तातून हाडात जाऊन बसतात, हे तेव्हा कळलं.

एमआरआयमध्ये हाडाच्या वरच्या टोकाशी पुवाची पोकळी दिसली. याला ब्रॉडीचं गळू म्हणतात. लंडनच्या बेंजामिन ब्रॉडींनी १८३२ मध्ये नडगीच्या हाडातल्या अशाच गळवांवर लिहिलं होतं. पण क्षय किंवा गाठही असंच सोंग घेते, म्हणून बायोप्सी. त्याआधी दोन आठवडे अँटिबायोटिक बंद! पू आहे म्हणता आणि औषध काढून घेता? मी चिडलेच. पण औषधाने अर्धमेले झालेले जंतू कल्चरमध्ये वाढत नाहीत, म्हणजे औषध कुठलं द्यायचं तेच कळत नाही.

नमुना घेतील तेव्हा एवढं जरूर विचारा: डब्या दोन आहेत ना? पेशी तपासायला फॉर्मलीनमधली, कल्चरला फॉर्मलीनविना, कारण त्यात जंतू मरतात. आमच्याकडे सगळं एकाच डबीत चाललं होतं. सिस्टरांनी ऐनवेळी ओरडून थांबवलं. एका ओरडण्यावर माझी दुसरी बायोप्सी वाचली.

स्टॅफिलोकॉकस निघाला. ऑपरेशन करून पोकळी खरवडली, मग सहा आठवडे औषध, आधी शिरेतून, नंतर गोळ्या. सीआरपी, ईएसआर या सूज दाखवणाऱ्या रक्तचाचण्या अजून करत असतात. फाइल मी तारखेनिशी लावलीय.

शाळेत परतले, पण हात पूर्ण वर जात नाही. फळ्यावरची तारीख सध्या पहिल्या बाकावरचा मुलगा स्टुलावर चढून लिहितो.